बैलांनी गुडघे टेकले ती जागा

"चर्चची घंटा ट्रॉलीत चढली म्हणजे गेली असं समजू नका," सासूबाई म्हणाल्या आणि शाल गुंडाळून ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथं जोडतात तिथंच मधे चिखलात फतकल मारून बसल्या.

वरच्या आळीचा कारभारी हसला. "म्हातारे, रस्त्याला नवं चर्च झालंय. गाड्या लावायला जागा आहे. या चिखलात कोण येणार?"

"आम्ही येतो की. घंटा गेली की इथली प्रार्थना बंद. मग आम्ही परत तुमच्या दाराबाहेर."

फादर दोघांच्या मधे उभे होते. बिचाऱ्यांची दोन्हीकडून ओढाताण. दरवर्षी तेच आमच्या चर्चची कथा सांगतात. घंटेची बैलगाडी वरच्या आळीला चालली होती, इथं शेतात बैलांनी गुडघे टेकले, उठेचनात. देवाची इच्छा ओळखून लोकांनी इथंच चर्च बांधलं.

खरं काय ते फक्त आमच्या घराला ठाऊक. वरच्या आळीत आमच्या खालच्या आळीच्या माणसांना प्रार्थनेला दाराबाहेर उभं करायचे, भर पावसातसुद्धा. सासूबाईंच्या आजेसासूला ते सहन होईना. गाडीवान पाणी प्यायला थांबला तेव्हा तिनं चाकाची खीळ उपसली. थोडं पुढं जाताच चाक निखळलं, गाडी कलंडली आणि बैल गुडघ्यांवर आले. ती खीळ कुणाला सापडली नाही. आम्ही अजून तिनंच लसूण ठेचतो.

"आजी, उठा आता," ड्रायव्हर म्हणाला.

सासूबाई कण्हत उठल्या आणि माझा हात धरून बाजूला झाल्या. मला रडूच आलं. इतक्यात हार मानणारी बाई नव्हे ती.

ट्रॅक्टर निघाला, पण एकटाच. ट्रॉलीचं तोंड धाडकन जमिनीला टेकलं, घंटा घणाणली आणि सगळे जागच्या जागी थिजले. ट्रॉली जोडायची पिनच गायब होती. कारभारी वाकून चिखल चाचपायला लागला.

"कपडे कशाला खराब करता," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा एक हात शालीतच होता. "फादर, बैलांनी गुडघे टेकले ती देवाची इच्छा. मग ट्रॉलीनं टेकले ती कुणाची?"

फादरांनी ट्रॉलीकडे बघितलं, मग शालीकडे. हसू दाबताना त्यांची दाढी हलली.

"दोर आणा," ते म्हणाले, "घंटा परत आपल्या चर्चवर चढवा."

कारभारी रागानं लाल झाला. "उद्या दुसरी पिन घेऊन येतो."

"या की," सासूबाई म्हणाल्या. "लसूण भरपूर आहे घरात."