व्याह्यांची गाडी आणि भिजत घोंगडं

जगातली मोठमोठी साम्राज्यं केवळ घाईपायी बुडाली, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी अंगणात उकिडवं बसून, कोणी विचारलेलं नसताना जाहीर केलं. समोर साम्राज्य नव्हतं. बेकरीवाल्यांची पांढरी मोटार होती, आणि तिच्या नाकाडावर किड्यांचा असा थर वाळून बसला होता की एखादं अख्खं साम्राज्य तिथंच येऊन आदळलं असावं. मत मांडून झाल्यावर चष्मेवाले घाईघाईनं उठले आणि तारेची घासणी आणायला आत गेले.

बेकरीवाले अजून व्याही झालेले नव्हते, होण्याच्या बेतात होते. त्यांच्या मुलाचं आणि चष्मेवाल्यांच्या मुलीचं आपसात केव्हाच ठरलं होतं. बेकरीवाल्यांच्या घरून होकारही येऊन पडला होता. गाडं अडलं होतं ते चष्मेवाल्यांपाशी. मुलगा नापसंत होता असं मुळीच नाही. पण जन्मभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘हे स्पष्ट की हे?’ असं विचारणाऱ्या या माणसाला उलट कोणी काही विचारलं, की त्याला दोन्हीकडचं सारखंच दिसायचं. महिना उलटला होता. मुलगी बापाशी जेवणाच्या ताटापुरतं बोलत होती.

अशात काल, चष्मेवाल्यांच्या बहिणीला तिच्या घरी पोचवायला म्हणून बेकरीवाल्यांनी आपणहून गाडी देऊ केली. परतताना नदीकाठच्या रस्त्यावर अंधारून आलं, दिवे लागले, आणि काठावरची सगळी किडेमंडळी स्वागताला धावली. आज संध्याकाळी गाडी लख्ख करून न्यायची आणि चावीबरोबर होकारही बेकरीवाल्यांच्या हातावर ठेवायचा, असं चष्मेवाल्यांनी एकदाचं ठरवलं होतं. घरात सांगितलं नव्हतं. सांगितलं की त्यांना फेरविचार सुचायचा.

“अहो! ठेवा ती घासणी खाली!” बायको दारातूनच ओरडली. “लोकांच्या गाडीची सालं सोलताय की काय?”

“निघतच नाहीत गं. मेले तरी सोडत नाहीत.”

“करपलेलं पातेलं मी लगेच घासायला घेते का? भिजत घालते. जुने टॉवेल कोमट पाण्यात बुडवा, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका, गाडीवर पसरा आणि गप्प बसा. मऊ पडलं की आपसूक सुटेल. जन्मभर सगळी घोंगडी भिजत ठेवलीत, आणि आज एकदा खरंच ठेवायची वेळ आली तर घासत बसलात!”

चष्मेवाले गोंधळले. ‘घोंगडं भिजत ठेवू नका’ म्हणून महिनाभर कान खाणारी बाई हीच ना? पण बायकोच्या दोन वाक्यांचा मेळ घालत बसलं तर संध्याकाळही उलटून जाईल, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी गाडी सावलीत ढकलली, एक टॉवेल नाकाडावर पसरला, एक काचेवर, आणि वाळू नये म्हणून वरून तांब्यानं कोमट पाणी सोडत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. हात साबणाचे. चष्मेवाल्यांनी तो कसाबसा खांद्यानं कानाशी दाबून धरला.

“मी बोलतोय, बेकरीवाला. सहजच केला. म्हटलं, आमचं काय झालं?”

चष्मेवाल्यांनी गाडीच्या नाकाडाकडे पाहिलं. यांना कळलं तर! कोणीतरी येताजाता गाडीचं तोंड पाहिलं असणार. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“भिजत ठेवलंय,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

पलीकडे पावाचा एक ट्रे खाली आदळला.

“भिजत?”

“हो. आमच्या हिचाच सल्ला. म्हणाली, घाई कराल तर कायमचे ओरखडे राहतील.”

“वहिनी असं म्हणाल्या?”

“तिला अनुभव आहे ना. मी आपला घासाघीस करायलाच बसलो होतो, तिनंच आवरलं मला.”

“घासाघीस?” बेकरीवाल्यांचा आवाज भट्टीसारखा तापला. “अहो, आम्ही तुमच्याकडे काही मागितलं का? मग घासाघीस कसली?”

“नाही नाही, तुम्ही कशाला मागाल! मलाच ते जिवाला लागलंय. पण काय सांगू, चिकट फार हो.”

“कोण चिकट?”

“सगळेच. लहान नाही, मोठं नाही, अख्खं खानदानच चिकट. पण तुम्ही निर्धास्त असा. जरा मऊ पडू देत, मग एका हातानं पुसून टाकतो. संध्याकाळी नामोनिशाण दिसणार नाही!”

फोन बंद झाला. एवढा भरवसा देऊनही माणूस साधं ‘बरं’ म्हणाला नाही याचं चष्मेवाल्यांना नवल वाटलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि आणखी एक तांब्या ओतला.

तांब्या रिकामा होतो न होतो तोच फाटकाशी मुलाची स्कूटर थांबली. मागून बेकरीवाले उतरले. कपड्यांवर पीठ, चेहऱ्यावर आग. स्कूटरचा आवाज ओळखून मुलगी धावत बाहेर आली आणि त्या चेहऱ्याकडे पाहून पायरीवरच थबकली.

“चावी द्या,” बेकरीवाले म्हणाले.

“अहो, पण अजून सुटलं नाहीये.”

“सुटलं, सगळं सुटलं! आम्ही चिकट ना? मग आमची वस्तू आम्हालाच चिकटलेली बरी!”

“बाबा, काय बोललात तुम्ही यांना?” मुलीचा आवाज फुटला.

“मी? मी तर किड्यांबद्दल...”

“आता किडेसुद्धा म्हणा आम्हाला!” असं म्हणून बेकरीवाल्यांनी रागानं नाकाडावरचा टॉवेल हिसकला. ओला, जड टॉवेल घसरत खाली आला आणि त्याच्याबरोबर सगळी किडेमंडळी. खाली पांढरंशुभ्र नाकाड चकाकत होतं. एक ओरखडा नाही.

बेकरीवाले हातातल्या टॉवेलकडे बघत राहिले.

“हे काय?”

“हेच ते. भिजत ठेवलेले.”

“म्हणजे फोनवर तुम्ही या... यांच्याबद्दल?”

“मग तुम्ही कशाबद्दल विचारलंत?”

“लग्नाबद्दल!”

“अरे देवा,” दारातून बायको म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत वळली. ती हसत होती की रडत होती, ते चष्मेवाल्यांना कळेना.

आता सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. मुलगी पायरी उतरून पुढे आली.

“बाबा, हे की हे?” तिनं विचारलं.

चष्मेवाल्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. भिंगांवर साबणाचे शिंतोडे होते. तरी त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग मुलाकडे. तो एवढ्या धामधुमीत कोणी न सांगता काचेवरचा टॉवेल उचलून हलक्या हातानं काच पुसायला लागला होता.

“हो,” चष्मेवाले म्हणाले. “हो म्हणजे होच. आजच सांगणार होतो, चावीबरोबर.”

मुलीनं बापाच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसलं. बेकरीवाल्यांनी त्या दोघांनाही कवेत घेतलं आणि तिघांवर मिळून पीठ, साबण आणि किडे असा एक नवाच लेप चढला.

“व्याही,” ते म्हणाले, “एक मागणं आहे. नाही म्हणायचं नाही.”

चष्मेवाल्यांनी चष्मा सावरला. आली का ती घासाघीस!

“बोला, व्याही.”

“डावीकडचा आरसा राहिलाय. तेवढं एक टॉवेलाचं टोक त्याच्यावर टाकता का?”