चार नंबरची बट

आत्याच्या पार्लरमध्ये कुणी शाम्पूबद्दल शंका काढली, की तिचा पारा चढायचा. बावीस वर्षं लोकांची डोकी धुतलेली बाई ती. तिला कोण शिकवणार? निळ्या झाकणाच्या एका दाट, सायीसारख्या शाम्पूवर तिचा भलताच जीव होता. घरात कुणाचाही वाढदिवस असो, भेट तीच. धाकटा भाऊ हात जोडून म्हणायचा, "ताई, माझ्या टकलाला तरी सूट दे." टकलालाही सूट नव्हती.

या भावाची मुलगी म्हणजे पिल्लू. तेरा वर्षांची, चार वर्षं रोज पहाटे तलावावर पोहायला जाणारी. सोमवारी दुपारी ती पार्लरमध्ये आली, खुर्चीत बसली आणि आरशाकडे न बघता म्हणाली, "आत्या, अगदी बारीक काप. आणि बाबांना सांग, मी पोहणं सोडलं."

आत्याचा कंगवा हातातच राहिला. नुकतंच पिल्लूचं नाव पोहण्याच्या संघाच्या यादीत लागलं होतं. बापाची सही घेऊन फॉर्म शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे, केसच नाहीत." पिल्लूने रबरबँड काढला. मूळचे काळेभोर केस खाली पिंगट झाले होते आणि त्या पिंगटावर चक्क हिरवी झाक होती. हात लावला तर केरसुणीसारखे लागत होते. "वर्गात मला शेवाळी म्हणतात. कापले तरी नवे पुन्हा असेच होणार. त्यापेक्षा नकोच ते."

"माझा शाम्पू लावतेस ना रोज?"

"रोज," पिल्लू खाली बघत म्हणाली.

"मग शनिवारपर्यंत थांब. शनिवारी हिरवं राहिलं, तर मीच कापीन."

"आत्या, राहू दे ना गं."

"मी कधी काही राहू दिलंय?" आत्या म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मंगळवारी सकाळी ती तलावावर जाऊन थडकली. पाण्यात औषध टाकणाऱ्या काकांना तिने पंपाच्या खोलीतच गाठलं. "काय टाकता हो पाण्यात? पोरीचे केस हिरवे झाले."

काका शांत माणूस. "ताई, क्लोरीन केस कोरडे करतं, पण हिरवं ते करत नाही. शेवाळ धरू नये म्हणून आम्ही जे औषध टाकतो, त्यात तांबं असतं. कोरड्या केसांना ते चिकटून बसतं. ते काढणारा शाम्पू हवा. आणि पोरीला सांगा, उतरायच्या आधी डोकं साध्या पाण्याने भिजवून मग टोपी घाल. केस आधीच पाणी प्यालेले असले, की तलावाचं कमी पितात."

आत्याने बादलीभर तलावाचं पाणी मागून घेतलं. मग बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत शिरून, जिच्या हातात बाटली दिसेल तिच्याकडून झाकणभर शाम्पू मागितला. कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. तिने दोन्हीकडे साफ दुर्लक्ष केलं. चार प्रकार जमले. आणि एक तिचा स्वतःचा.

पिल्लूच्या मानेवरच्या आतल्या केसांतून तिने पाच बारीक बटा कापल्या, दोऱ्याने बांधल्या, प्रत्येकीला कागदी नंबर लावला. चार नंबर तिच्या लाडक्या शाम्पूचा. बटा तासभर बादलीत बुडवायच्या, धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. गिऱ्हाइकं ताटकळली, तर "बसा दोन मिनिटं" म्हणून ती पुन्हा बादलीकडे वळायची.

गुरुवारी निकाल समोर आला. दोन नंबरची बट जवळजवळ स्वच्छ झाली होती. तो पातळ, पिवळा, धड फेसही न येणारा शाम्पू. बाटलीवर 'धातू काढणारा' असं बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि सगळ्यांत हिरवी होती चार नंबरची. हिरवी आणि वर चकचकीत.

"बटच खराब निघाली असेल," ती स्वतःशी पुटपुटली. तिने नव्या बटा कापल्या, पाणी नवं आणलं, शुक्रवारी सगळं पहिल्यापासून केलं. चार नंबर पुन्हा हिरवी. तिने नखाने केस खरवडला, तर नखात तेलकट थर आला. तिची ती साय रोज केसांतल्या तांब्यावर वार्निश चढवत होती. आत्या स्टुलावर बसली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शनिवारी दुपारी तिने पिल्लूला बेसिनशी बसवलं. दुकानातून आणलेला दोन नंबरचा शाम्पू लावला, दहा मिनिटं ठेवला, धुतला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी टॉवेलने केस टिपले, तेव्हा हिरवी झाक गेली होती. केस अजून पिंगट होते, राठही होते, पण केसांसारखे दिसत होते.

"ऐक," आत्या म्हणाली. हे बोलणं तिला दात उपटण्याइतकं जड गेलं. "चूक तलावाची कमी आणि माझी जास्त. माझाच शाम्पू ते हिरवं धरून ठेवत होता."

पिल्लू हळूच म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"मागे सहलीला गेले तेव्हा मैत्रिणीचा लावला होता, हाच पिवळा. चार दिवसांत बरे झाले होते. घरी आले आणि परत तुझा सुरू केला." तिने टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू किती प्रेमाने देतेस. सोडला असता तर तुला वाईट वाटलं असतं."

ही पोर चार वर्षांचं पोहणं सोडून द्यायला निघाली होती, पण आत्याची बाटली सोडायला नाही. आत्या समोर येऊन गुडघ्यांवर बसली आणि पिल्लूचा ओला चेहरा तिने दोन्ही हातांत धरला.

"पुन्हा असं झालं तर मला खुशाल वाईट वाटू दे," ती म्हणाली. डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत. "वाटेल तेवढं वाटू दे. कळलं? आता ऊठ. बापाची सही घ्यायचीय."