डीलियाच्या चुलीवरची किटली

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची किटली आहे. माझा काळा रंग कुणी लावलेला नाही, तो मी जाळावर बसून कमावलाय.

वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, निवल्यावर कुणीतरी कानशीने माझी तोटी घासली आणि "चल, झाली" म्हणालं. एवढंच माझं बारसं. आयर्लंडमधल्या लीट्रिमच्या जत्रेतून शॅनलीबाईंनी मला घरी आणलं आणि चुलीवरच्या आकड्याला अडकवलं. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या ढेपा खाली जळायच्या आणि वर मी उकळायचे. माझं कौतुकही पुष्कळ झालं. गावात कुणी गेलं की प्रेताजवळ बसणाऱ्यांच्या चहासाठी मला मागून न्यायचे. माझ्याएवढं मोठं पोट दुसऱ्या कुठल्या किटलीला नव्हतं.

पोट मोठं असणं ही किटलीला शोभणारी गोष्ट. घरातल्या धाकट्या मुलीला ती शोभत नव्हती.

ती डीलिया. लग्न झालेलं नव्हतं, आणि ज्याचं मूल होतं तो मुलगा बोटीने इंग्लंडला गेला तो गेलाच. बापाने ठरवलं, लांबच्या जिल्ह्यात नन्सच्या आश्रमात पोरीला ठेवायचं, मूल तिथेच दत्तक द्यायचं, आणि गावात सांगायचं की डब्लिनला नोकरीला गेली. निघायच्या सकाळी थोरली बहीण विनी माझ्यातून चहा ओतत होती. विनीला क्षय झाला होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिथे नाव विचारतील," विनी म्हणाली. "माझं सांग."

"वेड लागलंय का तुला?"

"मला कोण मागणी घालायला येणारे, डीले? माझ्या खोकल्याशी लग्न करायला? नाव वाया चाललंय नुसतं. तू घे. तुला परत येऊन इथेच जगायचंय."

डीलियाने ते नाव घेतलं. कागदावर आई म्हणून विनिफ्रेड शॅनली असं लिहिलं गेलं, बाळ अमेरिकेला धाडलं गेलं, आणि डीलिया परत आली तेव्हा विनीला पुरून झालं होतं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. आईबाप गेले, भाऊ शेजारी वेगळा राहिला, डीलियाने लग्न केलं नाही. भावाचा मुलगा फिन्टन याने तिला विजेची किटली आणून दिली. "आत्या, ही बटण दाबलं की उकळते." डीलिया म्हणाली, "मग दाब आणि तुझा तू पी." मी चुलीवरच राहिले.

मग एका ख्रिसमसला फिन्टनच्या मुलीने बापाला डीएनए तपासायची डबी दिली. "मोजे द्यायचे सोडून हे काय," म्हणत फिन्टन डबीतल्या नळीत थुंकला आणि विसरून गेला. पण त्या थुंकीने अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधली एक बाई गाठली. ती त्याची सख्खी आतेबहीण निघाली. तिच्याजवळ आश्रमाचा कागद होता, त्यावर विनीचं नाव होतं. चर्चच्या जुन्या वहीत विनीच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली. कागद, वही, थुंकी, तिन्ही जुळली. मित्रांनो, त्यातलं काहीच खोटं नव्हतं. भाच्याच्या रक्तावरून दोन सख्ख्या आत्यांपैकी आई कोण ते कळत नाही, एवढंच.

तिचं नाव पॉला. केस पांढरे झालेली बाई, पण दारात उभी राहिली शाळेत उशिरा पोचलेल्या पोरीसारखी. फिन्टन म्हणाला, "आत्या, ही विनीआत्याची मुलगी! आता रड, हस, काहीतरी कर."

डीलियाने मला चुलीवर ठेवलं. पाणी भरायला विसरली.

"बस, पोरी," ती म्हणाली. "तुझ्या मावशीचं घर आहे."

लोक म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. म्हण चांगली आहे, पण त्या टेबलाशी बसून ऐकून पाहा.

पॉलाने खूप विचारलं. विनी दिसायला कशी होती, हसायची का, काय खायची. डीलियाने सगळं खरं सांगितलं. मग पॉलाने कप खाली ठेवला.

"मावशी, तिने मला कधी हातात घेतलं असेल का?"

"घेतलं होतं. सोडायला तयार नव्हती. नन्सनी तिची बोटं एकेक करून सोडवली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"विनीनेच सांगितलं," डीलिया म्हणाली. विनी तर तिला परत भेटलीच नव्हती.

पॉलाने आणखी एक नळी आणली होती. तुम्हीही नमुना द्या, म्हणजे सगळं पक्कं होईल, म्हणाली. डीलिया म्हणाली, "या वयात थुंकायचं? आणि तेही पोस्टाने? फादर काय म्हणतील!" सगळे हसले. पॉलाने नळी पर्समध्ये परत ठेवली. आग्रह कशाला करायचा, पक्कं तर होतंच की.

दुपारी ती फुलं घेऊन दफनभूमीत गेली. आमच्या खिडकीतून ते दिसतं. फुलं ठेवून ती विनीच्या थडग्याच्या दगडाला मिठी मारून रडली. डीलिया पडद्यामागे उभी होती.

"विने, तुझ्यावर फुलं आली गं बाई," एवढंच ती बोलली. दिलेलं नाव परत कसं मागायचं, हे कदाचित तिला कळलं नसेल. कदाचित नुसती लाज असेल. इतक्या वर्षांनीही मी ते सांगू शकत नाही.

पॉला दर उन्हाळ्यात यायची, विनीचा दगड घासायची, मावशीकडे चहा प्यायची. शेवटच्या आजारातही डीलियाने तिचा हात धरला, पण बोलली हवेबद्दल. अंत्यविधीला शवपेटीजवळच्या खुर्च्या फिन्टनच्या घरच्यांना होत्या. पॉला आत कप विसळत होती. कुणीतरी तिला म्हणालं, "मावशीसाठी केवढ्या लांबून आलीस, गुणाची गं!"

घर विकलं तेव्हा फिन्टनने मला पॉलाच्या हातात दिलं. "तुझ्या आईच्या हातची आहे," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. विमानतळावर तपासणाऱ्यांनी माझं झाकण उघडून आत पाहिलं, काही सापडलं नाही.

आता मी पिट्सबर्गला एका फळीवर असते. मला घासूनपुसून ठेवा, असं मी मागत नाही, पॉला मला पुसते. वडीलधाऱ्यांना वेळेत विचारा, असं म्हणावं, तर तिने विचारलं होतं. तेव्हा मित्रांनो, मागणं आहे ते तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हासाठी. समोर कुणी कप धरून बसलेलं असेल आणि उत्तर तुमच्याच पोटात असेल, तर सांगून टाका. मला तोटी होती तरी मला ते ओतता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.

पॉलाला गेल्या वर्षी नात झाली. त्यांच्यात आजी-पणजीचं नाव ठेवतात, म्हणून तिचं नाव विनिफ्रेड. माझ्या शेजारच्या भिंतीवर वंशवृक्ष लावलाय. पॉला बाळाला कडेवर घेऊन नावांवर बोट फिरवते. "ही विनी, तुझी पणजी." मग बोट बाजूच्या फांदीवर जातं. त्या नावाखाली रेघ नाही.

"आणि ही डीलिया मावशी. बिचारीला मूलबाळ काही नव्हतं."