हँडलवरचा पंचा

वीज गेली तर

"अगं, लाइन कवा देतेस? आबांचं मशीन इन्व्हर्टरवर हाय अजून."

"जैतूदादा आलं नाय. पंचा हाय."

"पंचा!" तिच्या नवऱ्याने, किशोरने, फोन तसाच धरून कोणाला तरी खिडकी उघडायला सांगितली.

नम्रता सबस्टेशनात ऑपरेटर होती. सकाळी डोंगराखाली पोशीरच्या लाइनवर ऐनाचं झाड पडलं. लाइनमन जैतूने खांबावर चढायचं परमिट घेतलं, तिने लाइन बंद केली आणि त्याने खांद्यावरचा पंचा काढून ती लाइन चालू-बंद करायच्या हँडलला बांधला. परमिटचा कागद साहेबांसाठी, पंचा एकमेकांसाठी. ज्याने बांधला त्यानेच येऊन सोडायचा. तोवर हँडलला हात लावायचा नाही.

ही रीत इथे तिच्या सासऱ्यांनी, येसाजींनी घातली. ते लाइनमन असताना कोणीतरी "येसाजी उतरला" असा निरोप आणला आणि लाइन चालू झाली. येसाजी खांबावरून उतरलेले नव्हते. डावा हात कोपरापासून गेला. हात गेल्याचं एवढं नाही, पण एका हाताने तंबाखू मळायला शिकताना जीव गेला, असं ते सांगत.

आता त्यांचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर होता. मशीन पोशीरच्याच लाइनवर.

इन्व्हर्टर संपला तर

इन्व्हर्टर नम्रतानेच हट्टाने घ्यायला लावला होता. सकाळपासून तोच मशीन ओढत होता.

खोलीला एक दार, एक खिडकी. खिडकीबाहेर तारेच्या कुंपणात गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर. स्टेशन एकटं सोडायचं नाही. तिच्यानंतरच्या पाळीची हर्षला पुलापलीकडे अडकली होती. पुलावरून पाणी वाहत होतं.

इंजिनियर विकास साहेबांचा फोन आला. "मॅडम, हॉस्पिटल जनरेटरवर आहे. पाणी योजनेची टाकी तळाला गेलीय. मला वरून सारखे फोन येतायत. पळसदरीच्या सबस्टेशनाकडून याच लाइनला उलटा पुरवठा देता येईल, मी इथूनच बटण दाबू शकतो."

"मधे जैतूदादा आहेत, साहेब."

"म्हणूनच विचारतोय. बोलणं झालं का त्याच्याशी?"

"डोंगराखाली रेंज नाही."

"मग नाही दाबत. पण वर काय सांगू?"

"पंचा आहे म्हणून सांगा."

ते हसले नाहीत. "झाड काढणं चालू आहे, असं सांगतो."

पुरवठ्याची एक बाजू पडली तर दुसरी उभी राहते, दुसरी पडली तर तिसरी: ट्रेनिंगमध्ये हे पडद्यावर रंगीत बाणांनी दाखवलं होतं. जेवणानंतरचा तास होता. नम्रताला डुलकी लागली होती.

सिलिंडर आला नाही तर

"रसायनीवरनं आक्सिजनचा सिलिंडर निघालाय, पन टेंपो पुलापाशी अडकलाय. इन्व्हर्टर वरडाय लागला गं. तू हँडलच्या म्होरंच बसलीस ना? मंग?"

"अवो, जैतूदादाला तीन पोरी हायत."

"आनि मला एकच बाप हाय."

पलीकडे काहीतरी सरकलं. मग नुसता श्वास ऐकू आला, बराच वेळ. मग आबा.

"पोरी, पंचा हाय?"

"हाय, आबा."

"कुनाचा?"

"जैतूदादाचा."

पुन्हा श्वास. "मंग फोन कशाला धरलायस? ठेव."

तिने ठेवला नाही. तो तिकडूनच बंद झाला.

फोन गेला तर

गावातला टॉवरही त्याच लाइनवर होता. त्याचीही बॅटरी बसली. तिने पुन्हा पुन्हा घरी फोन लावला. दर वेळी रेकॉर्डमधली तीच बाई तेच सांगत होती.

दारात कमळ्या आला. डोंगराखालच्या वाडीतला, गुडघ्यापर्यंत चिखल. बांधाबांधाने धावत आला होता.

"जैतूनं धाडलंय. काम झालं. त्याचा पाय मुरगळलाय, सावकास येतोय. तवर लाइन द्या म्हनला."

"त्याला येऊ दे."

"माज्यावर इश्वास नाय?"

"तुज्यावर हाय. निरोपावर नाय."

"अगं, तिकडं येसाजीबुवा..." कमळ्या थांबला. आबांची तब्येत सगळ्यांनाच ठाऊक होती. "निरोपाला काय शिंगं असतात काय?" असं पुटपुटत तो जैतूला आधार द्यायला उलटा पळाला.

खोलीत कोणी नव्हतं. नम्रता उठली. तिने गाठीला हात लावला. गाठ ओली होती, ढिली होती. तिने ती अर्धी सोडवली. अर्धीच. मग दोन्ही टोकं ओढून होती त्यापेक्षा घट्ट केली आणि खुर्चीत येऊन बसली. तळहात साडीला पुसले.

माणूस आला तर

जैतू कमळ्याच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत आला.

"काम कवाच झालं, बाय! ह्याला धाडला व्हता ना मी?"

"आला व्हता."

जैतूने कमळ्याकडे पाहिलं. कमळ्या जमिनीकडे बघत होता. जैतू हँडलकडे वळला. गाठ त्याला सुटेना. दात लावून त्याने ती सोडवली, परमिटच्या कागदावर सही केली. नम्रताने लाइन चालू केली. मीटरचा काटा वर चढला आणि थरथरत थांबला.

टॉवर जागा व्हायला वेळ लागला. मग घरचा फोन लागला. उचलला गेला. मशीनची घरघर येत होती, मधेच पाण्याचे बुडबुडे. मागे बायका रडत होत्या.

"अवो," ती म्हणाली.

"चालू झालं," किशोर म्हणाला. "ऐकतेस ना? झालं चालू."

मशीन बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं.

जैतू म्हणाला, "तू जा घरी. मी बसतो हितं."

"तुमच्या ताब्यात स्टेशन कसं देऊ? तुमी ऑपरेटर नाय."

हर्षला अजून पलीकडेच होती. पुलावरचं पाणी उतरलं नव्हतं.

जैतूने पंचा पिळला, पण खांद्यावर टाकला नाही. दाराबाहेरच्या पायरीवर अंथरला आणि सुजलेला पाय लांब करून त्यावर बसून राहिला. कमळ्याला त्याने वाडीकडे पाठवलं. आत नम्रता काट्यांसमोर बसली. सगळे काटे जागच्या जागी होते.