एकाच बेण्याची खरपुडी

ही गोष्ट २०२२ सालची. आमच्या बावड्याच्या साहेबरावांची मेघना तेव्हा पुण्यात वनस्पतींवर पीएच.डी. करत होती. माळावरची खरपुडी नाहीशी होत चालली, म्हणून तिनं तोच वेल धरला होता. पानातल्या डीएनएच्या खुणांवरून कुठला वेल कुणाच्या नात्यातला ते ओळखायचं आणि निरनिराळ्या घराण्यांची रोपं पुन्हा माळावर लावायची, असं तिचं काम.

लहानपणी आम्ही पोरी खरपुडीचे कंद उकरून कच्चेच खायचो. मी मेघनाला हौसेनं दोन तालुक्यांतली पाच ठिकाणं दाखवली. माझं कुंपण, नरसिंहपूरला बहिणीचं परसू, माळेगावात लेकीचं अंगण, आणखी दोन भाच्यांची घरं. तिनं पानं पाकिटांत भरून नेली.

दीड महिन्यानं आली ती तोंड पाडून.

"मालनआत्या, पाचही ठिकाणच्या खुणा एकच. जरासुद्धा फरक नाही. पावसाळा सरत आला, आता वेल वाळायला लागतील, आणि माझ्या हातात एकाच घराण्याची पानं!"

मग मला सांगावंच लागलं. चाळीस वर्षांपूर्वी माळावरचा एक वेल मीच कुंपणाला आणून लावला होता. जी सासरी निघेल तिला त्याच्या कांड्या तोडून द्यायचे, उसाचं बेणं द्यावं तशा.

"म्हणजे दोन्ही तालुक्यांत तुमचंच बेणं!" मेघना हसायला लागली.

मीही हसले. पण एकाच बेण्याच्या उसाला रोग लागला की सगळं रान कसं हातचं जातं, ते मी पाहिलेलं होतं.

तो वेल माळावर नेमका कुठला, ते मात्र आठवेना. शेरडं राखण्यात जन्म गेलेल्या प्रयागबाईला विचारलं. वय नव्वदीचं, पण जीभ तीच.

"आगं, टेकडीखालच्या बोराटीतनं तूच उपसून न्हेलास की! मोठा तेवढा घेतलास. बारक्याला काटं आडवं आलं म्हनून सोडलंस."

"अजून असतील का, आजी?" मेघनानं विचारलं.

"माझ्या शेरडांचं त्वांड तितं पोचलं न्हाय. आसतील, जात्यात कुठं!"

दुसऱ्या दिवशी साहेबरावांच्या जीपमध्ये प्रयागबाई पुढं बसली. बोराटीच्या जाळीत अकरा वेल निघाले. मेघनानं एकेक पान खुडलं, कंदाला हात लावला नाही. दिवाळीत तिचा फोन आला, "आत्या, नऊ घराणी!"

त्याच वेलांच्या बियांची रोपं पुढच्या पावसाळ्यात माळावर लागली. प्रयागबाईनं ती पाहिली आणि त्या हिवाळ्यात गेली. मेघना आता बारामतीच्या कॉलेजात शिकवते. साहेबराव त्या रोपांभोवतीच्या कुंपणाच्या तारा तपासायला माळावर जातात आणि कंद कधी खायला मिळणार, असं लेकीलाच विचारतात.

माझा वेल कुंपणावर आहे तसाच आहे. यंदा माळेगावची नात श्रेया सासरी निघाली. तिला मी कांडी दिली नाही. मेघनाकडून दोन वेगळ्या वेलांचं बी मागून घेतलं आणि तेच तिच्या ओटीत घातलं.