कुहीचा तिसरा थर

कॉलेजांच्या चीअरडान्स स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं, कारण आयोजक जितेंद्र सरांच्या मते निवृत्त माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो. मला चीअरडान्सही माहीत नव्हता. शेजारच्या खुर्चीवरच्या सोनिका मॅडम जिम्नॅस्टिक्स शिकवतात; त्यांनी थोडक्यात सांगितलं.

"सगळ्यांचे हात-पाय एकदम हलले पाहिजेत. मनोरा डुगडुगायला नको. आणि लोक ओरडले पाहिजेत. ते गप्प राहिले तर ती कवायत झाली."

रामदासपेठच्या कॉलेजचा संघ आधी झाला. चमकते पोशाख, हातात चंदेरी झुपके, एक पाय चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जशा अध्यक्षांचं भाषण संपल्यावर वाजवतात.

मग कुही या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या पोरी आल्या. त्यांची कप्तान उन्नती. प्राचार्यांनी तिला बजावलं होतं : पहिला नंबर आणला तर सरावाला हॉल मिळेल, नाहीतर तिथे टेबल टेनिस सुरू होईल. हे आम्हाला कळलं, कारण मंचावर चढताना ती ओरडली, "हॉल पाह्यजे ना? मंग पहिला नंबर आणा! प्राचार्यांचं टेबल टेनिस आठवा अन् उड्या मारा वं!"

उड्या झाल्या. दोन थर लागले. तिसऱ्यावर भैरवी उभी राहिली आणि तिनं हात वर केले, तोच प्रमुख पाहुणे दारातून आत आले. आपल्याकडे पाहुणा आला की चालू असेल ते थांबतं. जितेंद्र सरांनी गाणं बंद करून माइक घेतला.

"उतरू नको वं भैरवी," खालून उन्नती म्हणाली. "गाणं आत्ता सुरू होते."

शाल झाली, नारळ झाला. पाहुण्यांनी मनोरा पाहिला आणि हात जोडले. "माझ्या स्वागतासाठी लेकींनी केवढे कष्ट घेतले!" म्हणत ते दोन शब्द बोलायला उभे राहिले. दोन शब्दांत त्यांचं बालपण, युवकांचं कर्तव्य आणि नागपूरची संत्री आली. संत्र्यांपाशी मनोरा थरथरू लागला. संत्र्यांच्या निर्यातीपाशी भैरवी घसरली. पोरींनी तिला झेललं. पहिली टाळी पाहुण्यांनीच वाजवली.

जितेंद्र सर आमच्या टेबलाशी आले. "कुहीले उत्तेजनार्थ देऊन टाकू. पोरीही खूश, कॉलेजही खूश."

उन्नती त्यांच्या मागेच उभी होती. "आम्हाले उत्तेजनार्थ नको, सर. पुन्हा करू द्या."

"अवं, पाय लटपटून राहिले तुझे."

"पाय माझे. तुम्ही काहून घाबरून राहिले?"

सोनिका मॅडम म्हणाल्या, "गाणं तुम्ही थांबवलं, तेव्हा संधी द्यावीच लागेल. पण सूट नाही. डुगडुगलं की मार्क कापणार."

"कापा," उन्नती म्हणाली.

सगळं पहिल्यापासून. उड्या बुटक्या झाल्या. मॅडमनी मार्क कापले. दुसरा थर डुगडुगला, पुन्हा कापले. भैरवी तिसऱ्यावर पोचली, पण गुडघ्यावरच अडकली. आणि रामदासपेठच्या संघातली रितिका, जिचा पहिला नंबर तोवर जवळजवळ पक्का होता, खुर्चीवर चढून ओरडली, "ऊठ वं भैरवी!"

मग सगळेच ओरडले, "ऊठ! ऊठ!" आपल्यालाच सांगताहेत असं वाटून पाहुणेही उठले. भैरवी उठली, हात वर केले. त्या ओरडण्यात छत तेवढं जागेवर राहिलं.

बेरीज करताना मॅडम म्हणाल्या, "नीटनेटकेपणात रामदासपेठ पुढे."

"आणि लोकांच्या ओरडण्यात?" मी विचारलं.

"तिथे कुहीला पूर्ण. समोरचा संघसुद्धा ओरडला, त्याला तर रकानाच नाही."

पहिला नंबर कुहीचा आला, तोही काठावर. पोरी नाचत सुटल्या. उन्नती मात्र आमच्याकडे आली. "मॅडम, दुसरा थर काहून डुगडुगला?"

"तुझा डावा खांदा खचतो."

"दाखवा."

बसला वेळ होता. फाटकापाशी पोरींनी पुन्हा दुसरा थर लावला; मॅडम उन्नतीचा खांदा धरून काही सांगू लागल्या. मागे पाहुण्यांची गाडी येऊन थांबली आणि चालकानं हॉर्न दिला.

"थांबा गा जरा," उन्नती मान न वळवता म्हणाली.