माझ्या बाजूने लिहिणारी

डबा खाताना लॅबच्या काउंटरवरच्या ताईंनी त्यांचा फोन माझ्यापुढे सरकवला. "हे तू लिहितेस ना? सांग, माझ्या पोटात राहील."

"तुमच्या पोटात काही राहत नाही, ताई. आणि माझं अकाउंट बंद आहे. पाच महिने झाले."

"मग तुझं भूत लिहितंय," त्या म्हणाल्या आणि लोणच्याच्या बाटलीचं झाकण शोधू लागल्या.

लॅबमध्ये ते प्रकरण सगळ्यांना माहीत होतं. रक्त काढायच्या आधी नळीवर नावाचं लेबल लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. आधी रक्त, मग त्या माणसाला नाव विचारायचं, मग त्याच्यासमोर लेबल. त्या सकाळी तिघींचं काम मी एकटी करत होते. वेळ वाचावा म्हणून दोन नळ्यांवर आधीच लेबलं लावून ठेवली आणि त्या हातात उलटसुलट आल्या. एका तरुण माणसाला दुपारी बारा वाजता कळलं, की त्याला रक्ताचा गंभीर आजार असावा. चार वाजता चूक मीच पकडली आणि लॅबमधून त्याला लगेच कळवलं. घरी आल्यावर मला राहवलं नाही, म्हणून त्याला पुन्हा एकदा स्वतः फोन करून माफी मागितली. मधले चार तास त्या घराने कसे काढले असतील, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

त्याच्या मेव्हण्याने माझा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथपर्यंत मला मान्य होतं. पण पुढे जे लिहायला लागले ते त्या घरचे नव्हते. शिकलेली, नोकऱ्या करणारी, मुलाबाळांची माणसं होती. त्यातल्या काहींचं रक्त मीच काढलं होतं. त्यांनी थट्टेला माझा चेहरा घेतला, चाल घेतली, लग्न घेतलं, शेवटी घराचा पत्ताही टाकला. मी आठवडाभर वाचलं, अकाउंट बंद केलं आणि जेवताना जाहीर केलं, "संपला विषय." सोळा वर्षांच्या लेकीने मान हलवली. ते मान हलवणं मी विषय संपल्याचा पुरावा म्हणून धरलं.

ताईंच्या फोनवर तोच ग्रुप उघडा होता आणि तिथे लिहिणाऱ्या त्या अकाउंटचं नाव होतं 'खरं सांगणारी'. फोटोच्या जागी राखाडी गोल. मी वाचत गेले. वाक्यं माझी होती. 'चूक झाली, लपवली नाही' हे मी म्हणते. 'आकडा बरोबर असतो, वाचणारा घाईत असतो' हे मी नव्या मुलींना शिकवते. जिथून मी निघून आले होते तिथे माझा आवाज पाच महिने बोलत होता. आणि मग हे: 'त्याला फोन करून झाल्यावर ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. तुम्हाला काय माहीत.'

नळ मी मुद्दाम सोडला होता, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. त्या वेळी घरात दुसरं एकच माणूस होतं.

त्या वाक्याखाली बासष्ट उत्तरं होती. मी तीनच वाचली. तिसरं लिहिणाऱ्याच्या फोटोत त्याच्या खांद्यावर एक लहान मूल बसलं होतं. त्याने लिहिलं होतं, 'एवढा पुळका असेल तर तूही मर तिच्यासोबत.'

"काय गं, पांढरी पडलीस," ताई म्हणाल्या.

"मी घरी जाते."

"जा. मी बघते इथलं." माझा अर्धा डबा त्यांनीच बंद करून पिशवीत घातला.

लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. अलीकडे ती तासन्‌तास खोलीत बसून असे आणि मी ताईंना कौतुकाने सांगत असे, की पोरगी अभ्यासाला लागली. भिंतीपलीकडून मधूनच एक गुरगुर यायची. ती मी फ्रिजची समजत होते. आमचा फ्रिज बारा मिनिटं चालतो आणि वीस मिनिटं थांबतो. ही गुरगुर दोन सेकंदांची होती आणि केव्हाही यायची. बाकी सगळं मोजणाऱ्या मला हे मोजावंसं वाटलं नव्हतं.

दार उघडंच होतं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. टेबलावर पालथा ठेवलेला फोन गुरगुरला आणि लाकडावर जरासा सरकला. तिने तिकडे पाहिलं नाही. फक्त तिचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले.

"आज लवकर?"

"खरं सांगणारी तू आहेस."

तिने गोधडी जवळ ओढली. "ओरडायचं असेल तर पटकन ओरड. उद्या पेपर आहे."

"नाही ओरडत. बसू इथे?"

"तुझंच घर आहे."

मी बसले. "बंद कर ते, बाळा."

"मग तिथे तुझ्या बाजूने कुणीच उरत नाही. चारशे जण आहेत, आई. मी सगळे बघितले. एक पण नाही."

"मला नकोय तिथे कुणी."

"तू आलीस निघून. त्यांचा विषय नव्हता संपला. तू इथे भाजी चिरत असतेस आणि ते तिकडे तुझ्याबद्दल बोलत असतात. मला दोन्ही दिसायचं." ती गोधडीचा दोरा ओढत राहिली. "आधी राग यायचा. आता नाही येत. आता वाटतं, बरोबरच बोलतायत."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल नाही." फोन पुन्हा गुरगुरला. "माझ्याबद्दल."

एक प्रश्न मला विचारायचा होता. तो शब्द उच्चारला तर तो खोलीत येईल अशी भीती वाटत होती. पण तो खोलीतच होता. कित्येक महिने आमच्यासोबत राहत होता, जेवताना मधल्या खुर्चीवर बसत होता.

"तुला मरावंसं वाटतं का?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कधी कधी."

"आज?"

"सकाळी. आत्ता नाही."

"काही करायचं ठरवलं होतंस?"

"नाही गं. नुसतं आपण नसावं असं वाटतं." मग हळूच, "चिडलीस?"

"घाबरले."

"तू नाही घाबरत."

"मी नळ सोडते."

ती हसली असावी. नक्की सांगता येणार नाही, कारण तेवढ्यात तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं होतं. किती जड झालं होतं ते.

तिथूनच मी आमच्या लॅबच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी आजचीच पाचची वेळ दिली. नंतर बाहेरगावी असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पेपर गेला खड्ड्यात, मी निघतो." दवाखान्यात जाईपर्यंत मी तिला एकटं सोडलं नाही. ती तोंड धुवायला गेली तेव्हाही दाराबाहेर उभी राहिले.

पाच वाजता आम्ही त्या बाईंच्या दवाखान्यात लाकडी बाकावर बसलो होतो. आतून नाव पुकारलं गेलं.

"तू आत येऊ नको," भिंगरी म्हणाली.

"बरं."

"इथेच बस पण."

"इथेच आहे."

ती उठली, दोन पावलं गेली, परत आली आणि फोन माझ्या हातात दिला. लॉक काढलेला होता. "मला हे तोंडाने नाही सांगता येणार. तू वाच. पहिल्या दिवसापासून वाच."

दार लागलं. आत खुर्ची सरकली. मी स्क्रीनवर अगदी वर गेले, माझ्या फोटोपाशी, आणि एकही ओळ न गाळता वाचू लागले. वाचता वाचता फोन हातात थरथरायचा. खाली कुणीतरी अजून लिहीत होतं. मी दुसऱ्या महिन्यापर्यंत आले तेव्हा आतून तिचा आवाज यायला लागला होता. शब्द कळत नव्हते. ती बोलत होती, न थांबता.